माझ्या नाकावरचं परकं पोलाद

मी बोलतोय. जरा जवळ या. इतकंही जवळ नको, बोट कापून घ्याल आणि वर माझ्याच नावानं ओरडाल. मी लेथवरचं टूल. लेथ म्हणजे ते यंत्र, ज्यात धातूचा दांडा गरगर फिरतो आणि मी एका जागी घट्ट बसून त्याला कापतो. दिसायला मी अगदीच साधा. बोटाएवढा पोलादाचा चौकोनी तुकडा आणि एका टोकाला घासून काढलेलं तिरपं नाक. खरा मी म्हणजे ते नाक. बाकीचा भाग नुसता धरायला.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. तुम्हीही दिवसभर कुणाच्या तरी अंगावर नाक घासत बसा, मग बघू किती गोड बोलता.

भट्टीतलं बालपण मला फारसं आठवत नाही. आठवतो तो काकांचा अंगठा. वर्कशॉपमध्ये नवीन टूलांचं खोकं उघडलं, तेव्हा काकांनी एकेक तुकडा उचलून त्यावर अंगठा फिरवला आणि माझ्याजवळ थांबले. "हा बरा दिसतोय," एवढंच म्हणाले. मग ग्राइंडरच्या दगडावर धरून त्यांनी मला नाक दिलं. ठिणग्या उडाल्या, मी बोंब मारली, पण त्या आवाजात ऐकतंय कोण! काका लेथवरचे सगळ्यात जुने कारागीर. सगळं वर्कशॉप त्यांना काका म्हणायचं. त्यांची सख्खी पुतणीही तिथंच कामाला होती, तिचे तर ते हक्काचे काका.

लोकांना वाटतं, मी बटाटा सोलावा तसा धातू सोलतो. छे हो! धातू इतका गरीब नसतो. मी नाक खुपसतो तेव्हा समोरचा धातू आधी दाबला जातो, अडतो, आणि अगदीच सोसवेना की थरावर थर सरकवत वर चढतो. टेबलावरच्या पत्त्यांच्या गठ्ठ्याला बोटानं ढकललं की पान पानावरून घसरतं, तसं. हे सरकलेले थर एकमेकांना धरून माझ्या नाकावरून घासत बाहेर पडतात. त्याला आम्ही चिप म्हणतो. ती कापलेल्या थरापेक्षा जाड असते, आखूड असते आणि चटका बसेल इतकी गरम असते.

प्रत्येक धातूची चिप वेगळी. बिडाचा नुसता भुगा पडतो. पितळ टणाटण उडतं, कॉलरमधून आत शिरतं आणि माणसाला नाचवतं. अॅल्युमिनियम भलतंच लाडिक, चिकटलं की सोडत नाही. आणि पोलाद? ते एकदा सुरू झालं की लांबच लांब फीत सोडत सुटतं. फितीची कड कुठल्याही सुरीहून वाईट. म्हणून माझ्या नाकामागे एक बारीकशी खाच असते. फीत तिच्यात शिरली की वळते, वाकते आणि तटकन तुटते. खाच बरोबर जमली तर स्वल्पविरामासारखे तुकडे पडत राहतात आणि सगळे सुखात असतात.

काकांची एक रीत होती. कुठलाही जॉब, म्हणजे कापायला चढवलेला धातू, सुरू केला की पहिली चिप ते लोखंडी आकड्यानं ओढून घ्यायचे आणि एका पांढऱ्या बशीत ठेवायचे. बशीची कड उडालेली, पण तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. काका चिपचा रंग बघायचे, उलटी करून पोट बघायचे, मोडून बघायचे. पुतणीला लेथ शिकवायला घेतलं, तेव्हा पहिले तीन महिने तिला मशीनला हातच लावू दिला नाही. नुसत्या चिपा बघ म्हणाले.

"काका, मला मशीन शिकायचंय, कचरा नाही," ती एकदा वैतागून म्हणाली.

"हा कचरा नाही, बाळ. आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. ते या चिपलाच ठाऊक असतं," काका म्हणाले आणि बशी तिच्यापुढे सरकवली.

आता ती गोष्ट सांगतो, जी सांगायची मला लाज वाटते.

मागच्या वर्षी एका दुपारी कामाची फार घाई होती. आमच्या मालकांना सगळे घड्याळसाहेब म्हणतात, कारण ते समोरच्या माणसाकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघतात. ते दर दहा मिनिटांनी येऊन उभे राहत होते. माझी धार गेली होती. काकांनी मला घाईघाईत घासलं, नाक काढलं, पण खाच काढली नाही. "एवढ्या एका जॉबला चालून जाईल," असं स्वतःशीच पुटपुटले. आणि मला बसवलं.

फीत निघाली. तुटेचना. हातभर झाली, दोन हात झाली, जॉबला वेढे घालू लागली. आकडा हाताशी नव्हता. काकांनी हातमोजा घातलेल्या हातानं ती ओढली. पुढचं सांगत नाही. उजव्या हाताच्या तीन बोटांच्या शिरा तुटल्या, एवढं पुरे. ती फीत माझ्याच नाकावरून निघाली होती. मला थांबता आलं नाही. टूलला थांबता येत नाही हो.

त्यानंतर अकरा महिने मी खणात पडून होतो. काका रोज यायचे, पण लेथजवळच्या स्टुलावर बसून राहायचे. त्यांची बोटं मिटत नव्हती. लेथ आता पुतणी चालवायची. नटबोल्ट, बुश, असली किरकोळ कामं घड्याळसाहेब तिला द्यायचे. बारीक मापाचं काम आलं की बाहेर पाठवायचे. "काकांची गोष्ट वेगळी होती," असं तिच्या तोंडावर म्हणायचे. ती मान खाली घालून मशीन पुसत राहायची. मला खणातून सगळं ऐकू यायचं आणि अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग तो शाफ्ट आला.

शहराला पाणी चढवणाऱ्या मोठ्या पंपाचा शाफ्ट, म्हणजे आतला फिरता दांडा, तुटला होता. दोन दिवस नळ कोरडे. दवाखान्यात बादल्यांनी पाणी नेत होते. बाहेरच्या सगळ्या वर्कशॉपांनी आठवडाभर तरी लागेल म्हणून हात वर केले. आमच्याकडे त्या जातीच्या पोलादाचा एकच दांडा शिल्लक होता. दुसरा मागवला तर आठ दिवस लागले असते.

घड्याळसाहेब पुतणीसमोर येऊन उभे राहिले. या खेपेला मनगटाकडे बघत नव्हते.

"बेअरिंग बसतं ती जागा साठ मिलीमीटर हवी. वर दोन शतांश चालेल, खाली एक शतांशही नाही. जमेल?"

"जमेल," ती म्हणाली.

"दुसरा दांडा नाही, हे लक्षात ठेव. बिघडवलास तर पंप आठवडाभर बंद. आणि मग तू या मशीनला हात लावायचा नाही. पॅकिंगला जायचं. कबूल?"

तिनं मान हलवली. काकांनी खण उघडला आणि अकरा महिन्यांनी मला बाहेर काढलं.

"दुसरं टूल नको. हेच घे," ते म्हणाले. "याचा स्वभाव मला माहीत आहे."

खरं सांगतो, मला खणात परत जावंसं वाटलं. तिनं मला घासलं, खाच काढली, बसवलं. दुपारी तीनपर्यंत वरचा सगळा जाडजूड धातू आम्ही उतरवला. बेअरिंगची जागा साठावर पन्नास शतांश एवढी ठेवली. एक शतांश मिलीमीटर म्हणजे किती? तुमच्या डोक्यावरच्या केसाचे सात उभे भाग करा, त्यातला एक. इथून पुढे खरी परीक्षा होती.

काकांनी स्टूल ओढून लेथच्या लाल बटणाजवळ घेतलं. ते बटण दाबलं की मशीन जागच्या जागी थांबतं. आपला मोडका उजवा हात त्यांनी त्या बटणावर ठेवला.

"हळू चालव. अगदी हळू. फीत येता कामा नये."

"काका, इतकं हळू?"

"सांगतोय ना!"

तिनं गती कमी केली. मी नाक टेकवलं आणि पहिल्याच फेऱ्यांत मला कळलं की काहीतरी बिनसतंय.

हे नीट समजून घ्या, कारण लेथच्या बाहेरच्या माणसाला हे कुणी सांगत नाही. पोलाद अशा अर्धवट गतीनं कापलं की त्याची चिप माझ्या नाकावरून नीट घसरत नाही. दाब तर प्रचंड असतो. तिचा बारीक कण माझ्या टोकाला चिकटतो. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. बघता बघता माझ्या नाकावर दुसरंच नाक उगवतं. त्याच जॉबचं पोलाद, पण दाबानं दगडासारखं कडक झालेलं. मग कापतं ते, मी नाही. ते माझ्यापेक्षा पुढे आलेलं असतं, त्यामुळे हँडलच्या डायलवर लावलेल्या मापाहून जास्त कापतं. मध्येच तुटतं, जॉबला ओरबाडतं आणि पुन्हा उगवतं.

माझ्या नाकावर ते परकं पोलाद बसलं होतं आणि मला ओरडून सांगता येत नव्हतं. मी किरकिरलो. मशीन जुनं, सगळंच किरकिरतं. कुणाचं लक्ष गेलं नाही.

तेवढ्यात एक वीतभर चिप तिच्या बाहीकडे वळली. काकांनी बटण दाबलं. खाडकन सगळं थांबलं. जॉबवर, मी टेकलो होतो तिथं, एक गोल ओरखडा उमटला.

"काका!"

"बाहीकडे येत होती."

"वीतभर होती हो! आणि हा ओरखडा बघा. शेवटच्या कटात असं झालं तर?"

काकांनी वाकून ओरखडा पाहिला. हात मात्र त्यांनी बटणावरून काढला नाही. घड्याळसाहेब दारात येऊन उभे होते, त्यांचा चेहरा उतरला होता.

तिनं उरलेला कट पुरा केला आणि जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला. डायलच्या हिशेबानं तीस शतांश उरायला हवे होते. उरले चोवीस. तिनं पुन्हा मोजलं. चोवीसच. सहा शतांश पोलाद कुठं गेलं, हे फक्त मला माहीत होतं. शेवटच्या कटात सहा शतांशांची चूक झाली असती तर शाफ्ट भंगारात गेला असता.

"तुझा हात हलला असेल," काका म्हणाले.

"नाही हलला."

"मग मशीनच्या स्क्रूचा आटा सैल झालाय. जुनं मशीन आहे. पुढच्या वेळी सहा शतांश कमी लाव, झालं."

मी आतल्या आत किंचाळलो. नको गं, असलं काही करू नकोस! ते परकं नाक कधी सहा जास्त कापेल, कधी दोन, कधी तुटून काहीच नाही. त्याचा भरवसा धरून माप लावता येत नाही.

ती डायलकडे बघत उभी राहिली. तिचा हात हँडलवर गेला. पुढचा एक क्षण माझा जीव टांगणीला लागला होता. मग तिनं हात मागे घेतला, आकडा उचलला, खाली पडलेली एक चिप ओढली आणि पांढऱ्या बशीत उलटी ठेवली.

चिपचं पोट आरशासारखं चकचकीत हवं. ते माझ्यावरून घासत जातं ना! हिचं पोट खरबरीत होतं. जागोजागी बारीक गाठी चिकटलेल्या होत्या.

"काका, मशीन ठीक आहे," ती हळूच म्हणाली. "टूल खोटं बोलतंय."

मला राग आला, नाही असं नाही. पण तिचं बरोबर होतं. तिनं मला सोडवलं, उजेडात धरलं आणि काकांच्या डाव्या अंगठ्याशी नेलं. काकांनी माझ्या नाकावर अंगठा फिरवला आणि तिथंच थांबले.

त्यांनी तिथं चिकटलेली गाठ नखानं खरवडून पाहिली. मग म्हणाले, "मी पोरांना चाळीस वर्षं हेच शिकवलं. भलत्या गतीला पोलाद चिकटतं. आणि आज मीच विसरलो."

"विसरला नाहीत, काका. माझ्यासाठी घाबरलात."

"गती वाढवलीस तर फीत येईल. मला माहीत आहे ती कशी येते."

"येईल. पण गती नाही वाढवली तर शाफ्ट जाईल."

दारातून घड्याळसाहेब म्हणाले, "काका, तुम्ही सांगा. करायचं काय?" काकांनी पुतणीकडे बोट केलं.

तिनं मला पुन्हा ग्राइंडरवर नेलं. या वेळी नाकाचा उतार जास्त दिला, म्हणजे चिप अडायला नको. खाच काठाच्या अगदी जवळ काढली. मग दगडावर तेल टाकून धार इतकी घोटली की तिचा चेहरा माझ्यात दिसायला लागला. घाम फुटला होता तिला. या घासण्यात मी इतका आखूड झालो की बसवताना मला धरणाऱ्या दोन स्क्रूंच्या खाली जेमतेम पुरलो.

गती जवळपास तिप्पट केली. कापायच्या जागी ब्रशनं तेल सोडलं. साठावर बारा शतांश उरावेत असा पहिला कट लावला. मी नाक टेकवलं आणि चिप सळसळत निघाली. माझ्यावर काही चिकटलं नाही. स्वल्पविराम पडत गेले, ओरखडाही निघून गेला. मायक्रोमीटर लावला. बारा! डायलही बारा म्हणत होतं. आम्ही दोघं आता एकच बोलत होतो.

राहिला शेवटचा कट. हा एकदा सुरू झाला की मध्ये थांबणं नाही. थांबलं तर ओरखडा आणि तो काढायला पोलाद उरलेलं नाही.

तिनं मशीन सुरू केलं. काकांचा हात बटणावर. साधारण दोन मिनिटांचा कट, मला पुढे सरकवायचं काम मशीनचं.

पहिलं अर्धं मिनिट छान गेलं. पण कट फार बारीक होता. इतकी पातळ चिप माझ्या खाचेत वळेना. तुकडे पडायचे थांबले आणि फीत सुरू झाली. केसासारखी बारीक, लांब, चंदेरी. मग पिवळसर. मी तापत होतो. ती निळी झाली की समजायचं, माझी धार गेली.

फीत खाली लोंबली, जॉबच्या वाऱ्यानं वर उडाली आणि तिच्या मनगटाच्या दिशेनं वळली.

काका स्टुलावरून अर्धे उठले आणि बटणावरच्या हातावर झुकले.

"काका, दाबू नका."

"बाळ, ती तशीच येते!"

"मला दिसतेय ती. दाबू नका!"

तिनं डाव्या हातातला आकडा फितीखाली घातला आणि तिला बाजूला, खाली, चिपांच्या पाटीकडे वळवलं. फीत निसटली. तिनं पुन्हा घातला. एका हातात ब्रश, एका हातात आकडा. पाय जागचे हलले नाहीत. मी जीव मुठीत धरून कापत होतो, रंग पिवळ्यावरून तपकिरीकडे चालला होता आणि अजून अंगठ्याएवढी जागा बाकी होती.

तेव्हा काकांनी हात उचलला. बटणावरून काढला आणि दुसऱ्या बगलेत घट्ट दाबून धरला. डोळे मात्र मिटले नाहीत. शेवटपर्यंत तिच्या मनगटाकडे बघत राहिले.

कट संपला. तिनं मला मागे घेतलं आणि मशीन बंद केलं.

"मोज, मोज लवकर!" घड्याळसाहेब धावले.

"गरम आहे," काका आणि ती एकदमच म्हणाले. गरम पोलाद फुगलेलं असतं, त्याचं माप खोटं येतं. वीस मिनिटं तिघंही शाफ्टभोवती नुसती उभी होती. घड्याळसाहेबांनी किती वेळा मनगट बघितलं ते मोजण्याच्या पलीकडचं होतं.

मग तिनं मायक्रोमीटर लावला. डोळे बारीक करून वाचलं. पुन्हा लावला. वळवून तिसऱ्यांदा लावला.

"साठ, वर एक शतांश," ती म्हणाली आणि खाली फरशीवरच बसली. काकांनी डाव्या हातानं तिच्या डोक्यावर थोपटलं. रडत होते, आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून फोन आला. पंप सुरू झाला होता. घड्याळसाहेब खुशीत बोलत होते, "हो हो, आमच्या काकांचंच काम ते. जुना हात आहे."

काकांनी उठून त्यांच्या हातातला फोन घेतला.

"काम माझ्या पुतणीनं केलंय," ते म्हणाले. "मी नुसता बटणावर हात ठेवून बसलो होतो. तोही मध्येच काढला, म्हणून झालं."

फोन ठेवून ते घड्याळसाहेबांकडे वळून म्हणाले, "आता बाहेर काम पाठवायचं नाही." साहेबांनी मान डोलावली.

माझं म्हणाल तर मी संपलो. इतका आखूड झालोय की कुठल्याच स्क्रूखाली बसत नाही. आज सकाळी भंगाराच्या डब्यात पडलो, अंगाखाली पोलादाच्या चिपा आहेत. त्यातल्या किती माझ्याच असतील कोण जाणे. डबा उद्या भट्टीला जाणार आहे. त्याचं वाईट वाटत नाही, आम्ही तिथूनच आलेलो असतो.

पण जायच्या आधी तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही घरात, कामावर, कुणीतरी नवीन हात मशीनवर उभा असेल. त्याच्यावर तुमची माया असेल, म्हणूनच तुम्हाला भीतीही वाटत असेल. त्याला आकडा द्या, चिप बघायला शिकवा, रागवा हवं तर. जवळच उभे राहा. फक्त शेवटच्या कटात बटण दाबू नका. काकांना ते किती जड गेलं, हे मी तिथून, हातभर अंतरावरून पाहिलंय.